सनई भरलेली जागा

सारंगखेड्याला, मावशीच्या हळदीत
निंबा फोटोवाल्याचा कॅमेरा चालू होता.
कॅसेटवर ते आहे अजून:
मांडवातला बल्ब झोके घेतो,
पिंपातलं पाणी काठ ओलांडतं,
बायका एकदम दाराकडे बघतात.
अकरा सेकंदं.

आवाज मात्र नाही.
निंबाने नंतर तिथे सनई भरली,
"लग्नात भूकंप कशाला ठेवायचा?"
मूळ कॅसेट पुसून त्यावर
कुणाचं तरी बारसं घेतलं.

म्हणून मी रेकॉर्डर घेऊन घरोघर.
भिकन मिस्तरी म्हणाला, केळीचा ट्रक
भिंतीतून गेल्यासारखा.
गोदूमामी म्हणाली, रिकामं जातं
कुणी उगाच फिरवावं तसा.
तुळसाबाईने आधी माइक पदराने पुसला.
"कानमा नही उना, भाऊ. पायमा उना."
आणि गप्प बसली.
ते गप्प बसणंही मी कापलं नाही;
मागे कुठे तरी विहिरीवरची मोटर ऐकू येते.

सनई काढून टाकली, एकेक आवाज
चित्राखाली लावून पाहिला.
एकही बसेना.
ट्रक फार लवकर निघून जातो,
जातं बल्ब थांबल्यावरही फिरतच राहतं.

कंटाळून रात्री निंबाचीच कॅसेट लावली.
आई ओट्याशी, पाठमोरी, भाकरी थापत.
सनई सुरू झाली.
थापणं थांबलं.
पिठाचा हात मांडणीकडे गेला
आणि तिने ताटं
घट्ट धरून ठेवली.