हिरवी खिंकाली

नुक्रीने माझं मनगट हातात घेतलं
जसं कुणी परक्या घरातलं कपाट उघडतं.
प्लास्टर कापून चार दिवस झाले होते.
सहा आठवडे आत भलतीच बाई राहत होती:
पिवळट, सालपटं निघालेली,
अंगाला ओल्या पोत्याचा वास.

त्याने कोनमापक लावलं.
वर वीस. खाली पंधरा.
भूमितीत मला याहून जास्त पडायचे, मी म्हटलं.
तो हसला नाही. वहीत लिहून घेतलं.
दुशेतीच्या दवाखान्यातली पोरं हसत नाहीत.

पायरी माझीच. बर्फही माझाच,
रात्री मीच भिरकावलेलं भांड्यांचं पाणी.
बोल लावायला शेजारच्या मेदिकोचासुद्धा
काही उपयोग नाही.
पडताना हात पुढे करू नये, नुक्री म्हणतो.
बरं.

घरी परातीत गरम पाणी, दिवसातून तीनदा.
मग टेबलाच्या कडेवरून पंजा खाली सोडायचा,
दमलेलं जनावर मान टाकतं तसा,
आणि वर. आणि खाली.
दहा म्हणायला सोपे आहेत.
सातव्याला स्वयंपाकघरातला दिवा मोठा होतो.

रविवारी चर्चमध्ये कपाळ झालं, पोट झालं, उजवा खांदा झाला,
डाव्यापर्यंत बोटं पोचेनात.
डाव्या हाताने क्रूस केला तर चालेल का, मी विचारलं.
देव बघून घेईल, फादर म्हणाले.
देवाचं मला काही नव्हतं.
मागच्या बाकावरच्या बायका बघत होत्या.

सगळ्यात वाईट ते शेवटचं:
कोपर बरगडीशी, तळवा आभाळाकडे.
'पसर हात, मावशी. अजून पसर.'
एकसष्ट वर्षांत मी कुणापुढे हात पसरला नाही,
वीज नव्हती त्या हिवाळ्यांत नाही,
गुराम गेला तेव्हा त्याच्या भावांपुढे नाही.
तळवा भिंतीकडे वळला आणि तिथेच थांबला.
'हाडात आता काही नाही,' नुक्री म्हणाला,
'एक्सरे पाहिलाय मी.'
मी गप्प बसले.

दुकानात ट्रकवाले सुटे पैसे ठेवतात हातावर
आणि कलत्या बशीवरून घरंगळावेत तसे
तेत्री फरशीवर.
ते वाकून वेचतात. माझ्याकडे बघत नाहीत.
एवढे आडदांड गडी, आणि बघत नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात त्याने हिरव्या मेणाचा गोळा दिला.
दाबायचा, सोडायचा, बाकी काही नाही.
मार्श्रुत्काची वाट बघत थांब्यावर बसले होते,
अंगठ्याने तो पसरवला, कडा पातळ, मध्ये जाडसर,
आणि पारीला एक चुणी पडली.
मी पाडली म्हणवत नाही. पडली.
सात वर्षांची असताना आईने या हाताला वळण लावलं.
एकोणीसच्या खाली आलीस तर घोड्याला घाल, म्हणायची,
तोही खाणार नाही.
चार झाल्या. पाचवी फाटली.
शेजारी बसलेल्या पोराने विचारलं, हे काय?
खिंकाली.
हिरवी?
हिरवी.

पुढच्या खेपेला कोनमापकाआधी
मी गोळा टेबलावर ठेवला, देठ पिरगळलेला, जरा कलता.
नुक्रीने फिरवून फिरवून पाहिला. ओठ हलवत मोजलं.
मग कोनांच्याच रकान्यात लिहिलं: अकरा.
आणि खाली मान घालून म्हणाला,
माझी आजी बावीस पाडायची.
खोटारडा.

आता मे आलाय. अरागवी गढूळ, दोन्ही काठ भरून.
गाडी सोळावर अडलीय.
उरलेल्या माझी भाची नानुली पाडते,
तिच्या चुण्या जाड असतात, गिऱ्हाईकाला कळत नाही,
मला कळतं.
ढग यायच्या आधी मनगट सांगतं, हा नवा धंदा.

काल एका ड्रायव्हरने मोड दिली.
मी हात पुढे केला, उताणा, जमेल तेवढा.
तीन नाणी राहिली.
चौथं टेबलाखाली गेलं.
तो वाकायला लागला. मी म्हटलं, असू दे रे,
झाडताना सापडेल.