लाल चालतोय

कन्ना चौकात, चपलांच्या दुकानावरच्या खोलीत
हिरेमठ बाईंचा इंग्रजीचा क्लास. सहा ते सात.
त्या दिवशी फळ्यावर एकच शब्द: रन.
पळणे, दत्तू म्हणाला.
तो भरतीसाठी पहाटे पार्क मैदानावर
सोळाशे मीटर पळायचा.

तुझ्यापुरतं बरोबर, बाई म्हणाल्या.
पण सर्दीत नाकही रन होतं. उमेदवार होतो.
तुळजापूरचा रस्ता तर जागचा न हलता
तुळजापूरपर्यंत रन होतो.
आणि माग?

माग चालतो, आम्ही सगळे म्हणालो.
माझ्या आईच्या तेलुगूत नडुस्तुंदी,
बाईंच्या कानडीत नडीतद.
तीन भाषांनी मिळून ज्याला चालत ठेवलं
त्याला इंग्रजी पळवते.
कसली घाई असेल त्यांना.

वहीत मी लिहिलं: रन म्हणजे चालणे.
खाली दोन रेघा.

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
मी टॉवेल मोजायचे, डझनाला गाठ मारायचे,
आणि मेल वाचायचे,
कारण बारावी झालेली मी एकटीच.
मंगळवारी हॅम्बुर्गहून एवढीच ओळ आली:
द रेड रन्स.

काय म्हणतोय बे, शेठनी विचारलं.
लाल चालतोय, मी म्हणाले.

शेठ खुर्चीतून उठलेच.
चालतोय? मग लावा की लाल!
चौदा मागांवर लाल.
यादगिरी मामा हौदावरून ओरडले,
हा लाल कच्चा आहे शेठ, पक्का करायला
अजून एक दिवस द्या, मागच्या खेपेलाच बोललो होतो.
शेठ म्हणाले, चालतंय की.

दोन महिन्यांनी कंटेनर परत आला.
सोबत एक फोटो:
कुणाचा तरी पांढरा शर्ट
खांद्यापर्यंत गुलाबी, चारचौघांत लाजल्यासारखा.

मग मी बाईंचा जाडा शब्दकोश मागून घेतला.
रन. पान उलटलं, तरी रन. अजून एक पान.
रंग सुटणे, हा सदतिसावा अर्थ.
मी पहिल्या चारांत घर केलं होतं.

टॉवेल किलोवर गेले.
आमच्या गल्लीत अजून त्यांनीच अंग पुसतात,
दोरीवरचे बनियन, उशांचे अभ्रे,
चिट्याल काकूंच्या नातवाची झबली,
सगळं एका फिक्या गुलाबीत.
कुणी विचारत नाही. छान दिसतं म्हणतात.

शेठनी विचारलं, रंग कुणी केला?
मेल कुणी वाचला, हे विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

लिही त्या हॅम्बुर्गवाल्याला, शेठ म्हणाले,
डायर पळून गेला.

खिडकीतून मी पाहिलं होतं.
मामांनी नळावर हात धुतले, पुन्हा धुतले,
कोपरापर्यंतचा लाल काही गेला नाही.
तो मात्र पक्का.
डबा घेतला, चपला घातल्या,
वॉचमनला काहीतरी बोलले, तो हसला,
आणि गेटातून निघाले.
हळू. डावा गुडघा दुखतो त्यांचा.

रन अवे, मी टाइप केलं.
स्पेलिंग एकदा तपासून घेतलं.