जोडधंदा

मुख्य बँड दोघांचे वेगवेगळे होते, आणि ते चालत होते.
डेटलेफचा पाचजणांचा, केस कमरेपर्यंत.
वीब्केचा चौघींचा, त्यातल्या दोघी एकमेकींशी बोलत नसत.
हा तिसरा संसार त्यांनी मांडला मंगळवारी,
कारण मंगळवारी तालमीची खोली निम्म्या भाड्यात मिळे.

मी गाडी हाकायचो. संगीताशी माझं नातं तेवढंच.

डुइसबुर्गात तेव्हा घरटी एक जोडधंदा.
वीब्केचा बाप हाइनर: तीस वर्षं रोलिंग मिल,
आणि माळ्यावर बावीस कबुतरं.
पगार पोलादाचा, पण रविवारी आभाळाकडे मान करून
उभा असायचा तो, हातात घड्याळ,
चहा गार.
पोरीनं हे पाहिलेलं. बँडचं नाव ठेवलं: दुसरी पाळी.

ड्रमर परवडला नाही.
तीनशे मार्कांचं जुनं यंत्र आणलं, त्याला म्हणायचे हेर क्नोप.
कॅसेटवर तिसरा सभासद म्हणून त्याचं नाव छापलं.
क्नोप बिअर मागत नसे, उशिरा येत नसे,
चुकला तर दर वेळी त्याच मात्रेवर चुके,
मग त्या चुकीभोवतीच त्यांनी गाणी बांधली.

मिलची शेवटची रात्र.
हाइनरनं मायक्रोफोन आत नेला
मोज्यात गुंडाळून, जेवणाच्या डब्यात, पावाखाली.
एक्केचाळीस मिनिटं:
लाल पट्टी रुळांवरून सुसाटते,
कात्री पडते,
पुन्हा पडते,
आणि मध्येच हाइनर खोकतो.
डेटलेफ म्हणाला, खोकला उडवू.
ती म्हणाली, मग आधी मला उडव.
खोकला राहिला. त्यावर गिटार चढली,
तारा इतक्या सैल, की सूर नव्हे,
गंजलं फाटक कुणी ओढत नेतंय.

बोखुमला अकरा माणसं. त्यात मी, आणि एक वायरमन.
अँटवर्पला वीज गेली; क्नोप मुका, हे दोघे टेबलावर हातोडी मारत राहिले,
लोकांना वाटलं, असंच असतं.
लाइपझिगला नऊशे.
दुसरी तबकडी का कुणास ठाऊक ओसाकात खपली.
तिसरीबद्दल मी बोलत नाही.
चौथीतले अठरा सेकंद ड्रिल मशीनच्या जाहिरातीनं घेतले,
त्या पैशात वीब्केच्या घराला कौलं आली,
डेटलेफला दात.

मग डेटलेफचा मोठा बँड खरंच मोठा झाला.
मंगळवारी तो ब्राझीलमध्ये असे.
भांडण झालं नाही.
झालं असतं तर निदान सांगायला काही असतं.
क्नोप माझ्या गॅरेजात आला, टायरांच्या मागे.
त्याची बॅटरी कधी संपली कळलं नाही,
आणि बॅटरीबरोबर सगळ्या चाली पुसल्या गेल्या,
ती चूकसुद्धा.

गेल्या मार्चात दोघांना घेऊन मिलवर गेलो.
आता तिथे तिकीट आहे. रात्री जांभळे दिवे.
भट्टीच्या पोटात लग्नं लागतात.
एका भिंतीवर हिरवं बटण: दाबा, आणि ऐका मिलचा आवाज.
शाळेची सहल आलेली; एका पोरानं दाबलं.
लाल पट्टी. कात्री. कात्री.
आणि हाइनर खोकला.

खाली कुणाचं नाव नाही. ना त्याचं, ना यांचं.
डेटलेफ तावातावानं खिडकीकडे निघाला, तक्रार करायला.
वीब्केनं त्याची बाही धरली.
डावा कान तिचा केव्हाच गेलाय, उजवा भिंतीला लावून
ती उभी राहिली, बटण पुन्हा दाबून,
पुन्हा.
पोरं वैतागली: आजीबाई, आमचा नंबर.

मी घड्याळ पाहिलं.
गाडी लावायची चिठ्ठी संपायला सात मिनिटं होती,
मी काही बोललो नाही.
दंड वीस युरो झाला. डेटलेफनं दिला.