उशिरा पडलेली टाळी

मिसेस व्हर्डेल प्रूइट. झटक्यानंतर डावा हात
मांडीवर पडून असतो, दुसऱ्या कुणी
सांभाळायला दिलेल्या सामानासारखा.
मंगळवारी, शुक्रवारी मी जाते.
उत्तर फिलाडेल्फिया, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
बोटं उघडा. मिटा. उघडा.
म्हणाल्या, पोरी, हे हात देशात एक नंबरला होते.

मला वाटलं, भ्रम. फाईलमध्ये लिहिणारही होते.

एकसष्ट साल, फेब्रुवारी.
शिंप्याच्या दुकानावर स्टुडिओ, भिंतींना ठोकलेली घोंगडी.
त्या लाँड्रीतून इस्त्रीचे शर्ट घेऊन आलेल्या, पाच नग.
पावतीवर सही हवी होती, बस.
काचेमागून कुणी ओरडलं, टाळ्या येतात का वाजवता?
हा काय प्रश्न झाला!
जन्मल्यापासून दर रविवारी दुसरं केलं काय होतं?

चार डॉलर, वर अर्धं सँडविच.
गाणं दोन मिनिटं अकरा सेकंदांचं.
गाणारा पोरगा एकोणीसचा, नाक वाहतंय,
प्रेमातलं कळत होतं ते कागदावर लिहून दिलेलं तेवढंच.
सतराव्या खेपेला त्याचा आवाज
एका शब्दावर चिरला,
आणि चिरेतून काहीतरी डोकावलं
जे कागदावर नव्हतं.
त्या ऐकत राहिल्या.
टाळी राहिली.
मग पडली, अर्धा श्वास उशिरा, एकटीच,
जेवणं उरकल्यावर
धापा टाकत दारात आलेल्या पाहुणीसारखी.

त्यांनी जीभ चावली.
काचेमागच्यानं घड्याळ पाहिलं, भाड्याची वेळ संपलेली.
राहू दे, म्हणाला. कुणाच्या लक्षात येतंय.

तीन आठवडे पहिला नंबर.
शाळांच्या जिममध्ये, ज्यूकबॉक्सला टेकून,
देशभरची पोरं नेमकी तिथे चुकायला शिकली.
वेळेवर वाजवणारा बावळट ठरायचा.
पोरगा टीव्हीवर गेला,
त्याचे शर्ट लाँड्रीत यायचे बंद झाले.
तबकडीवर नावं सहा जणांची.
त्यांनी एकोणनव्वद सेंट मोजून
स्वतःची टाळी विकत आणली.

आमच्यात म्हणतात, एका हातानं टाळी वाजत नाही.
आई म्हणायची, भांडण सोडवताना,
मला आणि धाकटीला एकेक धपाटा घालून झाल्यावर.
हे मी मिसेस प्रूइटना सांगितलं नाही.
फोनवर गाणं लावलं
आणि माझा तळवा त्यांच्यासमोर धरला.

त्यांचा उजवा हात वाजू लागला माझ्या हातावर,
कोरडा, हलका, ठेक्यात.
ती जागा आली.
हात वरच थांबला.
दमल्या असतील, म्हणून मी तळवा काढून घेणार, तोच

पडली.

फाईलमध्ये लिहिलं: डावा हात, फरक नाही.
जिना उतरताना
तळवा चुरचुरत होता.