रांजणातून बोलत राहा

उतरताना आधी खांदे तिरके करायचे.
मग श्वास सोडून कंबर आत घ्यायची.
मग पाय तळाला टेकतात,
गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणात,
जिथून आकाश भाकरीएवढं दिसतं.

वरून आई एवढंच सांगते: बोलत राहा.
तळाशी जड हवा साचते, तिला वास नसतो.
आवाज थांबला की दोर ओढायचा,
हा आमच्या घराचा सर्वांत जुना नियम.

म्हणून मी चेरीच्या सालीच्या कुंच्याने घासते
आणि नावं घेते, आईने दिलेली,
तिला तिच्या आत्याने दिलेली.

अम्ब्रोसी. इमेरेतीहून बैलगाडीत
गवतात गुंडाळून अकरा रांजण आणले.
अलाझानी ओलांडताना एक फुटला.
त्या एकाचीच गोष्ट अजून सांगतात,
दहा धड पोचले त्यांची कोणी सांगत नाही.

त्याची सून पेलाग्या. सासऱ्याशी भांडून
दगडवट पट्टीत सापेरावीची ओळ लावली.
"काटे येतील," तो म्हणाला होता.
त्याच्या तेराव्याला नव्हे, आमच्यात चाळिसावा असतो,
चाळिसाव्याला तिने त्याच ओळीची वाइन वाढली
आणि काहीच बोलली नाही.

शेर्मादिन. एकतीस साली कागद घेऊन लोक आले,
मळा सगळ्यांचा झाला, म्हणजे आमचा राहिला नाही.
नऊ रांजण मोजले त्यांनी.
दहाव्यावर त्याने कांदे लावले होते.
मोजणाऱ्याने जाता जाता एक जुडी मागितली.
शेर्मादिनने उपटून दिली; हात थरथरला नाही म्हणतात.
मला वाटतं, थरथरला असेल.

तो दहावा, मुलगा जन्मला त्या शरदात भरलेला,
त्याच्या लग्नात उघडायचा.
बेचाळीसमध्ये केर्चहून पत्र आलं, मग नुसता कागद: बेपत्ता.
बेपत्ता म्हणजे मेलेला नव्हे, असं त्याच्या आईचं म्हणणं.
तिने झाकण उघडू दिलं नाही,
आणि कांदे लावणं थांबवलं नाही.

मग वेली उपटायचा हुकूम निघाला ते साल.
ट्रॅक्टरवर आमचाच चुलतभाऊ, मान खाली.
पेलाग्याच्या ओळीपाशी येऊन थांबला:
डिझेल संपलं.
टाकी अर्धी भरलेली होती. सगळ्यांना माहीत होतं.

तोर्निके, माझा भाऊ, नवं लेबल छापतोय.
विचारतो, "स्थापना" पुढे कुठलं साल टाकू?
बैलगाडीचं? कांद्यांचं?
की डिझेल संपलं ते?
पाहुण्यांना एक आकडा लागतो.
मी म्हटलं, जागा कोरी ठेव. तो चिडला.

गेल्या आठवड्यात आईने दहावा उघडला.
आत वाइन नव्हती, शिरकाही नव्हता.
बारीक तडा, केसाएवढा;
थेंब थेंब सगळी मातीने प्यायली.
तळाशी काळी खपली, बोटाने निघत नाही अशी.
त्या वाफ्यातले कांदे मी लहानपणी खाल्लेत.
गोड होते का? आठवत नाही.

आता मी त्याच खपलीवर उकिडवी बसले आहे,
घासते आहे, नावं घेते आहे,
आणि ज्याच्यासाठी हा भरला होता
त्याच्या नावापाशी, बेझानपाशी,
क्षणभर थांबले.

लगेच दोर ताणला गेला.

आहे, मी ओरडले. आहे गं.
पाणी सोड.