दोन ग्रॅमच्या आत

दिग्रसच्या सराफा ओळीत आमचं दुकान तिसरं,
सायकलवाला आणि कुलरचं गोदाम यांच्यामध्ये दबलेलं.
मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला त्या साली
भिंग माझ्या हातात आलं,
पितळी कडीवर त्यांच्या अंगठ्याची झीज घेऊन.
तेव्हापासून मी अंगठ्या आतून वाचते.

बाहेरून कोणीही वाचतं: खडा, नक्षी, मोर.
बोटाला लागते त्या बाजूला
तिळाएवढा मजकूर असतो.
एक त्रिकोण, मग बावीस के नऊशे सोळा,
मग सहा अक्षरं-आकडे, मोटारीच्या नंबरासारखे,
ज्याचे त्याचे.
जुनीवर नुसतंच के.डी.एम.
लोक त्याला शुद्धतेची खूण समजतात,
ते तर डागाचं नाव, सांधा कशानं जोडला तेवढंच.
आमच्यात जोड म्हणजे डाग,
आणि दागिना म्हणजेही डागच.
एकीच्या अंगठीत नऊ आणि सहाच सापडले.
बाळंतपणानंतर बोट भरलं, कापून वाढवली,
करवत नेमकी एकावरून गेली होती.

मंगळवारी, बाजाराच्या दिवशी,
जिनिंगमधली पंचफुला टेकाम आली.
केसांत रुईचे तंतू. साबण मागितला,
बोट ओलं करून अंगठी काढली, काचेवर ठेवली.
"वहिनी, याच्यावर शिक्काच नाई.
लेकीच्या सोयऱ्यानं मोबाइलच्या उजेडात पायलं,
म्हणे नकली हाय."

काटा थरथरला, थांबला:
एक ग्रॅम सातशे चाळीस.
म्हटलं, दोन ग्रॅमच्या आतल्याला शिक्क्याची सक्ती नाही.
"म्हंजे?"
म्हणजे एवढ्याशाला कोण पुसतं, असं सरकार म्हणतं.
"मले तर पुसून रायले ना.
दोन हंगाम नाकातोंडात रुई गेली माह्या याच्यापायी."

मी कसोटी काढली. काळा दगड,
मामंजींच्या वडिलांपासूनचा, मधे खोलगट झालेला.
तिच्या सोन्याची एक रेघ ओढली,
शेजारी बावीसच्या काडीची.
काचेच्या कांडीनं तेजाबाचा थेंब.
ती श्वास धरून दगडावर वाकली,
ताप मोजताना पोराच्या तोंडावर वाकावं तशी.
दोन्ही रेघा तशाच राहिल्या.
"नाई गेली," ती म्हणाली. मग जरा थांबून,
"हा गोटा घरी नेता येते का? उद्या वापस आणतो."

हसू आलं, पण हसले नाही.
"मंग तुमचाच एखादा ठप्पा मारून द्या."
मामंजींचा ठप्पा गल्ल्याच्या खालच्या खणात आहे,
ब.डा. आणि पुढे ज्वारीचा दाणा,
लाल फडक्यात गुंडाळलेला. तो आता चालत नाही,
आणि नऊशे सोळा मी माझ्या हातानं उमटवणं
म्हणजे दुसऱ्याची सही करणं.
म्हटलं, नाव कोरून देते हवं तर.
"नाव? माह्यं नाव मले ठाऊक हाय."

आतल्या खाटेवरून मामंजींनी हात पुढे केला.
अंगठी फरशीवर टाकली, कान दिला.
पुन्हा टाकली.
"बावीसच होय," म्हणाले, "लिहून दे तिले."
गुलाबी पावतीवर मी वजन लिहिलं, कस लिहिला,
तारीख, दुकानाचं नाव, खाली माझी सही.
तिनं ती उलटी धरली, सुलटी धरली,
आठ घड्या केल्या
आणि कमरेच्या बटव्यात पान-सुपारीखाली सरकवली.
अंगठी मात्र दारातच घातली,
आर्णीची गाडी हाका मारत होती तरी.

संध्याकाळी दगड तेलानं पुसला.
फडकं झाऱ्याच्या डब्यात टाकलं, केरासोबत,
कानसीच्या भुकटीसोबत.
दिवाळीनंतर झारेकरी येतो, भाव करतो, भांडतो,
सगळं जाळतो, राख धुतो.
तळाशी पिवळा कण उरतो,
पंचफुलाचा, बाळंतिणीचा, कोणाकोणाचा.
मी तो काट्यावर ठेवून पाहते.
तोही भरतो दोन ग्रॅमच्या आतच.