मागची बाजू

शून्याच्या वर दोन अंश.
बाबांनी खिडकीबाहेरचा पारा वाचला आणि म्हणाले,
आज पाणी गोठायचं नाही.
आमच्या घरात याचा अर्थ, बादली घे.

गॉडरिचमधला फेब्रुवारी:
रस्ता, कुत्र्यांचे पाय, माझ्या पँटच्या कडा,
सगळ्यावर तीच पांढरट साय.
आठवडाभर मी म्हाताऱ्या माणसांच्या दारांवरून हिंडते,
कुणाचं इन्शुलिन, कुणाच्या टाचेची जखम,
आणि शनिवारी चार चाकं घेऊन
बाबांपुढे हजर होते.

त्यांचे गुडघे आता वाकत नाहीत.
ते प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर ब्लँकेट.
मी वितळत्या चिखलात, उकिडवी.

आधी नुसतं पाणी. घासू नकोस एवढ्यात,
खडे आहेत, ओरखडे पडतील.
कोमट. कढत नको म्हटलं ना.
आता ब्रश आत घाल. आणखी आत.
पुढून काय, सगळेच पुसतात.
मीठ मागच्या बाजूला बसतं.

हिवाळ्याची काळी स्टीलची चाकं
मी मागच्या वर्षी विकली.
ते अजून विसरलेले नाहीत.

एकतीस वर्षं हा माणूस
सरोवराच्या तळाखाली उतरत होता.
गेरिट हॉफस्ट्रा, रात्रपाळी.
सुरुंग, धूळ, आणि छत पेलायला
मागे सोडलेले मिठाचेच खांब.
घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या.
आई म्हणायची, तुझा मुका घेतला
की बटाट्यात वेगळं मीठ नको.

तुम्हीच खणायचं, तुम्हीच धुवायचं,
मी एकदा चेष्टेत बोलले.
खाल्ल्या मिठाला जागावं लागतं, एवढंच म्हणाले,
आणि नळीचं तोंड दुसऱ्या चाकाकडे वळवलं.

हे बघ, इथे.
नखाएवढा टवका उडालाय.
लॅकरखाली एक पांढरी अळी
वाकडीतिकडी वाट काढत निघालेली.
ते पुढे वाकले, चश्मा वर करून
तिच्यावरून बोट फिरवलं,
जसं मी परक्यांच्या टाचांवरून फिरवते.
उबदार गॅरेजात लावतेस का गाडी?
मी गप्प.
थंडीत मीठ झोपून असतं, बाळ.
ऊब मिळाली की उठतं.

जानेवारीतली ती रात्र मी त्यांना सांगितलेली नाही.
बेफील्डच्या अलीकडचं वळण,
हेडलाइटच्या उजेडात उभं राहिलेलं हरीण,
माझा पाय ब्रेकवर,
आणि गाडी घसरणार, घसरणार म्हणताना
चाकांखाली
कर्र.

थांबली.
हरणाने माझ्याकडे पाहिलं आणि ते निघून गेलं.
मी दार उघडून खाली पाहिलं होतं,
काळ्या बर्फात राखाडी, ओबडधोबड खडे,
एक उचलून, का कोण जाणे,
जिभेला लावला होता.

चौथं चाक धुऊन मी उठते आहे
तोच कोपऱ्यावरून नगरपालिकेचा ट्रक येतो,
नारिंगी दिवा गरगरत,
मागची चकती फिरत.
सर्रकन मीठ उडतं,
रस्त्यावर, आमच्या दारात,
आत्ताच पुसलेल्या चारही चाकांवर.

मी शिवी देणार, तर
बाबांनी ब्लँकेटमधून हात बाहेर काढलेला,
दोन बोटं कपाळाला लावून
ड्रायव्हरला ओळख देतायत.
तोही हॉर्नवर टिचकी मारतो.

ट्रक वळून दिसेनासा होईपर्यंत हात तसाच.
मग माझ्याकडे न बघता,
डावं मागचं नीट झालं नव्हतंच.
पाणी अजून कोमट आहे का बघ.